हॉटेलची नोंद आणि हॉटेलचा उतारा
(सभासदांच्या हॉटेलवाल्या मुला-मुलींसाठी इंटरनेटवरील जाहिरातीचे प्राथमिक धडे)



या अंकात लागण, खोडवा किंवा ठिबक यांविषयी न लिहिता हॉटेलविषयी लिहीत आहोत, याचे काही जणांना नवल वाटेल. परंतु आपल्या कार्यक्षेत्रातून जाणाऱ्या हमरस्त्यावर आणि तालुक्याच्या गावी गेल्या काही वर्षांत जी हॉटेले, खानावळी आणि ढाबे उभे राहिले, त्यांतले बरेचसे आपल्याच सभासदांच्या मुलांचे आहेत. त्यात घातलेले भांडवल ऊसबिलाचेच आहे. तेव्हा तो पैसा बुडाला तर तो उसाचाच पैसा बुडाला. म्हणून हा विषय आपलाच समजावा.

लिहिण्याला निमित्त घडले ते असे. गेल्या गळीत हंगामात एक सभासद गट ऑफिसला आले. धाकट्या मुलाने पुणे-बंगळूर हमरस्त्यालगत तांबडा-पांढरा रश्श्याचे हॉटेल काढलेले. म्हणाले, "सायेब, रस्सा चांगला हाय, जागा चांगली हाय, पण गाडी थांबंना. वर गूगलवर एक नंबर लावतो म्हणून एकजण अठरा हजार घेऊन गेला." मुलाला बोलावून मोबाईलवर बघितले तेव्हा तीन गोष्टी उघड झाल्या. हॉटेलची नोंद त्या एजंटाच्या खात्यावर होती. नोंदीत टेलिफोन नंबरही एजंटाचाच होता. आणि नकाशावरची खूण रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला पडली होती, त्यामुळे नकाशा बघत येणारी गाडी पलीकडच्या अंगाला जाई आणि दुभाजकापुढे हात टेकून निघून जाई.

दोष रश्श्याचा नव्हता, नोंदीचा होता.

ऊस नोंदीचे महत्त्व आपल्याला नव्याने सांगायला नको. लागणीची नोंद गट ऑफिसला नसेल, किंवा गट नंबर चुकला असेल, तर ऊस कितीही जोमदार असो, तोडीची पाळी येत नाही. हॉटेलचेही आता तसेच झाले आहे. कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला निघालेले कुटुंब भूक लागली की गाडीतूनच मोबाईलला विचारते, "जवळपास चांगले जेवण कुठे मिळेल?" ज्याची नोंद आहे आणि बरोबर आहे, त्याचेच नाव पुढे येते. बाकीच्यांच्या चुली पेटलेल्या असल्या तरी त्या कुटुंबाच्या लेखी त्या नाहीतच.

प्रस्तुत लेखात तीन धडे आहेत. नोंद आपल्या नावावर असावी, माहिती खरी असावी आणि हिशेब उताऱ्याचा असावा.

धडा पहिला : नोंद आपल्या नावावर

गूगल कंपनीच्या नकाशावर धंद्याची नोंद करण्याच्या सोयीला 'गूगल बिझनेस प्रोफाईल' म्हणतात. २०२१ पर्यंत तिचे नाव 'गूगल माय बिझनेस' होते, जुने लोक अजून तेच नाव घेतात. या नोंदीला एक पैसाही लागत नाही, ही गोष्ट आधी पक्की ध्यानात ठेवावी. नकाशावरच्या साध्या यादीत वरचा क्रमांक पैसे देऊन मिळत नाही, असे खुद्द कंपनीच सांगते. पैसे देऊन जाहिरात करता येते, पण ती 'जाहिरात' अशा शिक्क्यानिशी वेगळी दिसते. म्हणून 'कायमचा एक नंबर लावून देतो' म्हणणारा मनुष्य न विकली जाणारी वस्तू विकत असतो.

नोंदीची रीत थोडक्यात अशी :

(१) प्रथम आपल्या हॉटेलचे नाव नकाशावर शोधून बघावे. पुष्कळदा एखाद्या गिऱ्हाइकानेच ते घातलेले असते. तसे असेल तर दुसरी नोंद करू नये, आहे त्याच नोंदीची मालकी मागावी. एका हॉटेलच्या दोन नोंदी म्हणजे एका रानाचे दोन सातबारे, भांडण ठरलेले.

(२) नोंद घरच्या माणसाच्या गूगल खात्यावरूनच करावी. मुलगा, सून किंवा कामाला ठेवलेला जाणकार यांना 'मॅनेजर' म्हणून जोडता येते आणि काम सोडल्यावर काढूनही टाकता येते. मालकी मात्र देऊ नये. वाटेकऱ्याला रान कसायला देतो म्हणून कोणी सातबारा त्याच्या नावावर करीत नाही.

(३) मग पडताळणी होते. हल्ली बहुधा मोबाईलवर चित्रफीत काढून पाठवावी लागते. तीत बाहेरचा रस्ता व बोर्ड, आतली बैठक आणि हॉटेल आपल्या ताब्यात आहे याची खूण, म्हणजे कुलूप उघडणे, गल्ला, स्वयंपाकघर, असे दाखवायचे. काही वेळा फोन, ई-मेल किंवा पत्राने आकडा येतो. रीत कोणती हे कंपनी ठरवते. आलेला आकडा फोनवर कोणालाही सांगू नये. "गूगलमधून बोलतोय, नोंद बंद पडेल, पैसे भरा" असा फोन आला तर खुशाल ठेवून द्यावा. चुकून फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० या सरकारी सायबर मदत क्रमांकावर कळवावे, उशीर करू नये.

वर सांगितलेल्या सभासदांच्या मुलाने त्याच नोंदीवर मालकीची मागणी केली, चित्रफीत पाठवली, आणि थोड्या खटपटीनंतर नोंद त्याच्या खात्यावर आली. अठरा हजार मात्र गेले ते गेलेच.

धडा दुसरा : माहिती खरी

नोंद झाली म्हणजे काम संपले असे नव्हे. लागणीनंतर भर, खत, पाणी असतेच. कोणते हॉटेल वर दाखवायचे हे ठरवताना कंपनी तीन गोष्टी बघते. गिऱ्हाइकाने विचारले त्याच्याशी आपला धंदा किती जुळतो, आपण त्याच्यापासून किती अंतरावर आहोत, आणि आपला नावलौकिक किती आहे. अंतर आपल्या हाती नाही. उरलेल्या दोन गोष्टी बव्हंशी आपल्याच हाती आहेत.

नाव : बोर्डावर आहे तेच लिहावे. नावापुढे 'बेस्ट फॅमिली व्हेज नॉनव्हेज ए.सी. हॉटेल' असे शेपूट जोडल्याने फायदा होईल असे पोरांना वाटते. ते नियमाविरुद्ध आहे आणि त्यापायी नोंद थांबवली जाऊ शकते.

प्रकार : नुसते 'रेस्टॉरंट' न लिहिता शाकाहारी, महाराष्ट्रीय असा नेमका प्रकार निवडावा. मुख्य प्रकार एकच असतो, जोडीला आणखी काही घालता येतात. जे मिळत नाही ते लिहू नये. मटणाच्या आशेने आलेला शाकाहारी बोर्ड बघून परत गेला, तर त्याचा राग अभिप्रायात उतरतो.

खूण : नकाशावरची खूण आपल्या दारावर, आणि विशेष म्हणजे आपल्याच बाजूच्या रस्त्यावर पडली आहे की नाही, हे स्वतः गाडीवर बसून, दोन्ही दिशांनी येऊन तपासावे. दुभाजक असलेल्या हमरस्त्यावर ही एक चूक गिऱ्हाइकाला मैलभर हेलपाटा घालते.

वेळ : सकाळी किती वाजता उघडते, दुपारी बंद असते काय, आठवड्याची सुट्टी कोणती, हे लिहावे. सणासुदीच्या वेळा वेगळ्या भरता येतात. गणपती, दिवाळी, जत्रा, घरचे कार्य, ज्या दिवशी बंद त्याची आधी नोंद करावी. नकाशा 'उघडे आहे' म्हणतो आणि दाराला कुलूप दिसते, तेव्हा मुलेबाळे घेऊन आलेला मनुष्य पुन्हा त्या वाटेला येत नाही.

फोटो : दिवसाच्या उजेडात, आपल्याच हॉटेलचे, आपल्याच ताटाचे काढावेत. दुसरीकडून उचललेले चित्र लावू नये, ताट समोर आले की खोटे उघडे पडतेच. बोर्ड लांबून कसा दिसतो, गाड्या लावायला जागा किती, बायकांसाठी स्वच्छतागृह आहे काय, हे प्रवासी आधी बघतात. बायकामाणसे बरोबर असली म्हणजे गाडी कुठे थांबवायची हे पुष्कळदा स्वच्छतागृहावरच ठरते. ते स्वच्छ असेल तर त्याचाही फोटो लावण्यात कमीपणा नाही.

दरपत्रक : आजचे दर असावेत. थाळी १५० लिहून बिल १८० चे दिले तर तीस रुपये मिळतील आणि नाव जाईल. अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक बिलावर आणि भिंतीवर असावा. १ जानेवारी २०२२ पासून बिलावर तो छापणे बंधनकारक आहे. घरपोच जेवण देणारी अ‍ॅपेही परवाना बघितल्याखेरीज हॉटेल घेत नाहीत.

आणखी एक. नकाशावरच्या माहितीत कोणीही बदल सुचवू शकतो. 'हे हॉटेल बंद झाले आहे' असेही कोणी सुचवू शकतो, मग ते अजाणता असो की मुद्दाम. म्हणून आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी म्हणा, आपली नोंद स्वतः उघडून बघावी.

अभिप्रायाविषयी

गिऱ्हाईक जेवून गेल्यावर एक ते पाच चांदण्या देते व दोन शब्द लिहिते. नावलौकिक मोजला जातो तो यावरून. येथे बहुतेक हॉटेलवाले दोनपैकी एक चूक करतात.

पहिली चूक म्हणजे अभिप्राय विकत घेणे किंवा पाहुण्यारावळ्यांकडून लिहवणे. पाच चांदण्या दिल्यास गुलाबजाम फुकट, अशी पाटी लावणेही यातच येते. सवलत देऊन अभिप्राय घेणे कंपनीच्या नियमात बसत नाही. खोट्या अभिप्रायांना आळा बसावा म्हणून भारतीय मानक ब्यूरोनेही २०२२ साली एक मानक प्रसिद्ध केले आहे. नियमाचे राहू द्या, व्यवहार बघा. खोट्या स्तुतीने आलेला पाहुणा खरी निंदा लिहून जातो.

दुसरी चूक म्हणजे वाईट अभिप्रायावर भांडणे. समजा कोणी लिहिले, "भाकरी गार होती आणि वाढप्याने उद्धट उत्तर दिले." यावर पोरगा रागाने लिहितो, "तुम्ही आमच्याकडे आलाच नव्हता." हे उत्तर तो एकटा वाचत नाही, पुढे येणारे शेकडो लोक वाचतात. त्याऐवजी असे लिहावे : "आपल्याला त्रास झाला, माफ करा. त्या दिवशी लग्नाच्या गर्दीत भाकरीची पाळी मागे पडली. आता गर्दीच्या वेळी भाकरीला आणखी एक बाई ठेवली आहे. पुन्हा या." मात्र बाई ठेवली असेल तरच तसे लिहावे. तक्रार खरी असेल तर ती फुकट मिळालेली तपासणी समजावी.

खरे अभिप्राय मिळवायचा मार्ग सरळ आहे. जेवून तृप्त झालेल्या माणसाला गल्ल्यावर नम्रपणे म्हणावे, "जेवण कसे वाटले ते तेवढे लिहा." अभिप्रायाचा क्यूआर कोड छापून गल्ल्याजवळ चिकटवता येतो. यूपीआयचे पैसे देण्यासाठी माणूस मोबाईल काढतोच, तेव्हाच ते काम होऊन जाते.

व्हॉट्सअ‍ॅपचा उपयोग

तालुक्याच्या गावातली खानावळ प्रवाशांवर चालत नाही, रोजच्या माणसांवर चालते. तिला व्हॉट्सअ‍ॅप जास्त उपयोगी. धंद्यासाठीचे वेगळे 'व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस' २०१८ पासून मिळते, साध्या वापराला पैसे लागत नाहीत. त्यात पदार्थांची दरासह यादी, वेळ आणि पत्ता ठेवता येतो. रोज सकाळी दहाच्या सुमाराला आजची भाजी कळवली तर बँकेतले, शाळेतले, दवाखान्यातले लोक डबा सांगतात. एकगठ्ठा निरोप पाठवण्याच्या यादीतून निरोप त्यालाच जातो ज्याने आपला नंबर स्वतःच्या मोबाईलमध्ये साठवलेला आहे. म्हणून नंबर साठवायला सांगावे. आणि विचारल्याशिवाय कोणाला गटात ओढू नये. माणूस वैतागतो, शिवाय लोकांच्या माहितीच्या वापराविषयी २०२३ साली कायदाही झाला आहे. दिवसाला एक निरोप पुरे. सकाळ-संध्याकाळ फुले आणि सुविचार पाठवणाऱ्याचा भाजीचा निरोपही कोणी उघडत नाही.

धडा तिसरा : टनेजला भुलू नका, उतारा बघा

आता घरपोच जेवण नेणाऱ्या अ‍ॅपांविषयी. झोमॅटो २००८ साली 'फूडीबे' या नावाने दरपत्रके दाखवणारी म्हणून सुरू झाली, स्विगी २०१४ साली बंगळूरला निघाली. आज दोन्ही लहान शहरांतही पोचल्या आहेत. त्या वाईट असे आमचे म्हणणे नाही. पण नुसत्या ऑर्डरींची संख्या बघून हुरळून जाणे म्हणजे टनेज बघून खूश होणे आणि रिकव्हरी न विचारणे होय.

एक हिशेब मांडू. आकडे नमुन्याचे आहेत, आपापल्या करारातले आकडे घालून पुन्हा मांडावा.

थाळीचा दर रु. २००. शिधा व गॅस मिळून खर्च रु. ९५. टेबलावर जेवणाऱ्या गिऱ्हाइकाकडून हातात राहिले रु. १०५. यातून पगार, भाडे, वीज आणि कर्जाचा हप्ता निघायचा.

तीच थाळी अ‍ॅपवरून गेली. कमिशन समजा शेकडा २५, पूर्ण दरावर, म्हणजे रु. ५०. कमिशनवर १८ टक्के जीएसटी, रु. ९. आपल्या माथी आलेली सवलत शेकडा १०, रु. २०. डबा-पिशवी रु. १०. एकूण गेले रु. ८९, मिळाले रु. १११. त्यातून शिधा व गॅसचे ९५ वजा केले की राहिले रु. १६.

एका बाजूला १०५ आणि दुसऱ्या बाजूला १६. म्हणजे टेबलावरच्या एका थाळीची बरोबरी करायला अ‍ॅपवरून साडेसहा थाळ्या पाठवाव्या लागतात. चूल मात्र साडेसहा थाळ्यांची पेटते आणि बाईचे हात साडेसहा थाळ्यांनी दुखतात.

मग अ‍ॅप घ्यावे की नाही? उत्तर हॉटेलागणिक वेगळे. दुपारी तीन ते सात चूल थंड असते, पगार तर चालूच असतो, अशा वेळी सोळा रुपयेही कामाचे. कॉलेज किंवा मोठा दवाखाना जवळ असेल, नवे गिऱ्हाईक ओळखीचे व्हावयाचे असेल, तर काही महिने घेऊन बघावे. पण रविवारी टेबले भरलेली असताना अ‍ॅपच्या ऑर्डरीपायी समोरच्या गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवणे म्हणजे १०५ सोडून १६ धरणे. तसेच आडवळणाच्या हमरस्त्यावरच्या ढाब्याला अ‍ॅपपेक्षा नकाशाची नोंद कितीतरी मोलाची.

करारावर सही करण्यापूर्वी पाच प्रश्न विचारावेत. कमिशन किती, आणि ते सवलतीपूर्वीच्या दरावर की नंतरच्या? सवलत कोणाच्या खिशातून? पैसे किती दिवसांनी? ऑर्डर रद्द झाली तर शिजलेल्या अन्नाचे नुकसान कोणाचे? आणि अ‍ॅपवरच्या जाहिरातीचे पैसे वेगळे कापतात काय? उसाचे पैसे १४ दिवसांत द्यावेत असे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलेले आहे म्हणून आपण हक्काने बोलतो. येथे करारात लिहिलेलेच आपल्याला बांधते, म्हणून तो वाचावा. अ‍ॅपवरून गेलेल्या जेवणावरचा ५ टक्के जीएसटी १ जानेवारी २०२२ पासून अ‍ॅपवालाच सरकारजमा करतो. हिशेबाच्या वहीत ती विक्री वेगळी लिहावी.

ही तक्रार खेड्यातल्याच माणसांची आहे असे समजू नका. ऑगस्ट २०१९ मध्ये मोठ्या शहरांतल्या हॉटेलवाल्यांनी, टेबलावरच्या गिऱ्हाइकाला अ‍ॅपवाले देत असलेल्या भरमसाट सवलतींविरुद्ध, सवलत योजनांतून बाहेर पडण्याची मोहीम काढली होती. त्यांच्या राष्ट्रीय संघटनेच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये दोन्ही कंपन्यांच्या व्यवहाराची चौकशी करण्याचा आदेश दिला. शहरातल्या मुरलेल्या लोकांनाही जे गणित जड गेले, ते आपल्या पोरांनी आधीच पाटीवर मांडलेले बरे.

पैसे देऊन केलेली जाहिरात

फेसबुक, इन्स्टाग्रामवर थोडक्या पैशांत जाहिरात देता येते आणि किती किलोमीटरच्या आतल्या लोकांना दिसावी हेही ठरवता येते. नोंद, फोटो आणि अभिप्राय नीट झाल्यावरच या वाटेला जावे. नांगरट नसलेल्या रानात खत टाकून उपयोग नाही. आरंभी थोडी रक्कम, ठरलेले दिवस, आणि मग थांबून बघावे. बघायचे कसे, तर त्यासाठी शंभर पानी वही पुरते. गल्ल्यावर प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारायचा, "आमचं हॉटेल कसं कळलं?" वहीत चार रकाने आखायचे : बोर्ड बघून, ओळखीच्याने सांगितले, नकाशावरून, जाहिरातीवरून. महिनाअखेर बेरीज करावी. ज्या रकान्यात माणसे नाहीत तिथला पैसा बंद करावा. 'इतके हजार लोकांनी बघितले' हा आकडा गल्ल्यात पडत नाही.

गृहपाठ

हा अंक वाचून झाल्यावर ज्यांच्या घरी हॉटेल आहे त्यांनी पुढील चार कामे आठ दिवसांत करावीत. (१) नोंद कोणाच्या खात्यावर आहे ते मुलाला विचारावे, परक्याच्या असेल तर मालकी मागावी. (२) दोन्ही बाजूंनी गाडीवर येऊन खूण तपासावी, नोंदीतल्या नंबरला स्वतः फोन लावून बघावा. (३) एका थाळीचा टेबलावरचा आणि अ‍ॅपवरचा उतारा कागदावर मांडावा. (४) चार रकान्यांची वही घालावी.

आरंभी सांगितलेल्या हॉटेलची खूण आता योग्य बाजूला आहे, फोन मुलाच्याच खिशात वाजतो, आणि वही भरू लागली आहे. 'नकाशावरून' या रकान्यात नावे येतात. पण वडिलांनी परवा गट ऑफिसला सांगितले ते जास्त मोलाचे. म्हणाले, "नकाशानं माणूस दारापर्यंत आणला, सायेब. आत बसवतोय तो रस्साच." नोंद गाडी थांबवते, पण तीच गाडी दुसऱ्यांदा थांबवण्याचे काम स्वयंपाकघराचे आहे. ते सोडून इतर सर्व गोष्टींसाठी हा लेख.